डॉक्युमेंट की नॉन-डॉक्युमेंट?

आमच्या गटात एक संख्याशास्त्रज्ञ आहेत. वयाने, अनुभवाने माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या. सगळे त्यांना मॅडम म्हणतात, मीही. मध्यंतरी त्यांनी मला पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेला एक प्रोग्रॅम पाठवला. 'चालत नाहीये, बघतेस का जरा?' एवढंच सोबत. फाइल उघडली तर ती वर्ड प्रोसेसरची निघाली. प्रोग्रॅमबद्दलचं टिपण असेल असं वाटलं होतं, पण अख्खा प्रोग्रॅमच तिथे टाइप केलेला होता. मॅडमचं सगळं लिखाण तिथेच चालतं: अहवाल, शोधनिबंध, विद्यार्थ्यांच्या प्रबंधांवरचे शेरे. प्रोग्रॅम हेही लिखाणच, ते वेगळ्या ठिकाणी जाऊन का करायचं, हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नसावा. मी मजकूर उचलून साध्या फाइलमध्ये टाकला, चालवून पाहिला, आणि पायथनने पहिल्याच अवतरणचिन्हाशी हात टेकले. अवैध चिन्ह, यू+२०१सी.

युनिकोड या जगभरच्या चिन्हांच्या यादीतला हा क्रमांक बरेच प्रोग्रॅमर झोपेतही ओळखतील. कीबोर्डवर असतं ते सरळ, उभं अवतरणचिन्ह. वर्ड प्रोसेसर ते टाइप होताक्षणी वळणदार करतो, उघडणारं वेगळं आणि मिटणारं वेगळं, छापील पुस्तकात असतं तसं. माणसाला ते सुंदर दिसतं, पायथनच्या व्याकरणात मात्र त्याला जागा नसते. त्या फाइलमध्ये पुढे आणखी बरंच होतं. ओळीच्या सुरुवातीचा 'इफ' मोठ्या लिपीतल्या आयने सुरू होत होता, कारण वाक्याचं पहिलं अक्षर मोठं हवं असं प्रोसेसरचं मत. एकटा आय हा चल सगळीकडे मोठा झालेला. दोन वजाबाकीच्या चिन्हांची मिळून एक लांब रेघ. आणि सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे इंडेंट. पायथनमध्ये ओळ किती आत सरकली आहे यावर अर्थ ठरतो. मॅडमच्या पानावर ओळी अगदी शिस्तीत आत सरकलेल्या दिसत होत्या, पण बऱ्याच ठिकाणी तिथे एकही अक्षर नव्हतं. परिच्छेदाच्या सुरुवातीला टॅब दाबला की प्रोसेसर बऱ्याचदा टॅब न घालता परिच्छेदाचा समासच आत ढकलतो. डोळ्यांना जागा दिसते, फाइलमध्ये ती सजावटीच्या खात्यात जमा असते. साध्या फाइलमध्ये आणलं की सगळ्या ओळी डाव्या भिंतीला येऊन चिकटतात आणि प्रोग्रॅमचा अर्थच नाहीसा होतो.

हे सगळं दुरुस्त करायला फार वेळ लागला नाही. तर्क पक्का होता, एकही सूत्र चुकलेलं नव्हतं. मी चालणारी फाइल परत पाठवली. संध्याकाळी मॅडमचा फोन आला. 'अगं, चालतंय, छानच. पण आता मला ते कळत नाहीये.'

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

म्हणून त्यांची मूळ फाइल मी पुन्हा उघडली आणि या वेळी वाचली. पहिल्यांदा मी ती वाचलीच नव्हती, फक्त तपासली होती. जिथे जिथे त्यांनी एखादं गृहीतक धरलं होतं ती ओळ पिवळी केलेली. जिथे निर्णय होतो, म्हणजे एखादं निरीक्षण ठेवायचं की वगळायचं, ती ओळ ठळक. काही ओळी खोडलेल्या, पण पुसलेल्या नाहीत. मधून रेघ मारून तशाच ठेवलेल्या आणि समासात टीप की ही पद्धत लहान नमुन्यावर का टिकली नाही. वर एक तक्ता, विदेतल्या, म्हणजे डेटातल्या, प्रत्येक स्तंभाचं नाव, एकक आणि तो कुठून आला ते. आणि सूत्र. खरंखुरं सूत्र, बेरजेच्या सिग्मासह, वरखाली मर्यादा लिहिलेलं, आणि त्याच्या लगेच खाली त्याच सूत्राच्या पायथनमधल्या चार ओळी. मी परत पाठवलेल्या फाइलमध्ये यातलं काय उरलं होतं? त्या चार ओळी. सूत्र गेलं, पिवळा रंग गेला, रेघा गेल्या, समास गेला. यंत्राला नको होतं ते सगळं मी काढलं होतं आणि त्यालाच दुरुस्ती म्हटलं होतं. ती दुरुस्ती होतीच, तशी ती केल्याशिवाय काही चाललं नसतं. पण मॅडमच्या कागदात जे ज्ञान होतं त्याचा निम्मा भाग या प्रवासात गळून पडला, हेही तितकंच खरं.

मला माझं शिकतानाचं वय आठवलं. तेव्हा आमच्या प्रयोगशाळेतल्या यंत्रांवर वर्डस्टार नावाचा वर्ड प्रोसेसर असायचा. पत्रं त्याच्यावर, अहवाल त्याच्यावर आणि प्रोग्रॅमही त्याच्यावरच. सुरुवातीच्या मेन्यूत दोन अक्षरं होती: डी दाबलं की डॉक्युमेंट उघडायचं, एन दाबलं की नॉन-डॉक्युमेंट. प्रोग्रॅम लिहायचा तर एन. हे पहिल्याच दिवशी बजावलं जायचं आणि का, ते बराच काळ कुणी सांगायचं नाही. कारण फार छान आहे. इंग्रजी अक्षरं सात बिटांत मावतात, आठवा बिट मोकळा. डॉक्युमेंट प्रकारात वर्डस्टार प्रत्येक शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा आठवा बिट स्वतःच्या खुणेसाठी वापरायचा, ओळी दोन्हीकडून सारख्या बसवताना जागा कुठे वाढवायची हे लक्षात ठेवायला. वर्डस्टारमध्ये काही वावगं दिसायचं नाही. तीच फाइल डॉस या तेव्हाच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या टाइप आज्ञेने पडद्यावर ओतली की प्रत्येक शब्दाचं शेपूट परक्या लिपीत गेलेलं असायचं, आणि कंपायलरला, म्हणजे प्रोग्रॅमचं यंत्रभाषेत भाषांतर करणाऱ्या साधनाला, तर एकही शब्द ओळखू यायचा नाही. एन दाबणं म्हणजे या खुणा नकोत असं सांगणं.

त्या एका अक्षरात केवढा शहाणपणा होता, हे मला मॅडमच्या फाइलनंतर जाणवलं. १९७८ सालचा वर्डस्टार गृहीत धरत होता की हाच माणूस सकाळी पत्र लिहील आणि दुपारी प्रोग्रॅम. त्याचा कर्ता रॉब बार्नबी याने त्याआधी वर्डमास्टर नावाचा एडिटर केला होता, आणि तो निव्वळ मजकुरासाठी होता. म्हणजे वंशावळ प्रोग्रॅमरच्या हत्याराकडून टंकलेखकाच्या हत्याराकडे गेली, आणि मग परत आली: १९८३ मध्ये पास्कल भाषेत प्रोग्रॅम लिहिण्याचं टर्बो पास्कल हे साधन आलं तेव्हा त्याच्या एडिटरमध्ये वर्डस्टारच्याच किल्ल्या होत्या. कंट्रोल-के-बी म्हणजे ठोकळ्याची सुरुवात, कंट्रोल-के-के म्हणजे शेवट, कंट्रोल-के-सी म्हणजे नक्कल. डाव्या हाताच्या ई, एस, डी, एक्स या चार अक्षरांवर कर्सर वर, डावीकडे, उजवीकडे, खाली. बाणांच्या किल्ल्यांकडे हात न्यावा लागायचा नाही. माझी बोटं आजही कधीकधी आपणहून तिकडे जातात. लिहिण्याच्या त्या हालचालीत पत्र आणि प्रोग्रॅम असा भेदच नव्हता.

आणखी मागे गेलं तर तो भेद अजूनच पुसट होतो. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन, डेनिस रिची आणि मंडळींना युनिक्स या त्यांच्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी नवं यंत्र हवं होतं. ऑपरेटिंग सिस्टिमवर काम करायचंय म्हणून यंत्र मागणं अवघड होतं. मग त्यांनी मजकूर तयार करण्याच्या प्रणालीचं आश्वासन दिलं आणि पीडीपी-११ हा संगणक मिळवला. १९७१ मध्ये तिथल्या पेटंट विभागाच्या टंकलेखकांनी त्या यंत्रावर अर्ज टाइप करायला सुरुवात केली. पेटंटच्या पानांवर ओळींना क्रमांक लागतात, आणि जो ओसाना यांनी त्याची सोय करून दिली. टंकलेखक एडिटरमध्ये मजकूर भरत आणि रॉफ नावाचा प्रोग्रॅम त्यावरून पानं बांधत असे. ज्या प्रणालीवर आजचं निम्मं जग उभं आहे तिचे पहिले खरे ग्राहक अर्ज टाइप करणारे लोक होते, आणि ते प्रोग्रॅमरांच्याच यंत्रावर, त्यांच्याच एडिटरमध्ये काम करत होते. घरगुती संगणकांचंही तेच. मायकल श्रेयर यांचा इलेक्ट्रिक पेन्सिल, सूक्ष्म संगणकांवरचा बहुधा सगळ्यात पहिला वर्ड प्रोसेसर, १९७६ साली आला तो त्यांना स्वतःच्या प्रोग्रॅमची माहितीपुस्तिका त्याच यंत्रावर लिहायची होती म्हणून.

मग फारकत कशी झाली? त्याला ठोस कारणं आहेत आणि ती मला मनापासून पटतात. आजची वर्ड प्रोसेसरची फाइल घ्या, २००७ पासून रूढ झालेली डॉकएक्स. ती प्रत्यक्षात झिप केलेली पेटी असते. नावाचं शेपूट बदलून उघडली की आत एक्सएमएलच्या, म्हणजे खुणांनी भरलेल्या मजकुराच्या, फाइली दिसतात. मी मॅडमची पेटी उघडून पाहिली. पाच शब्दांची एक साधी ओळ तिथे कितीतरी तुकड्यांत कापली गेली होती, कारण प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या बैठकीत टाइप झाला होता आणि प्रोसेसर त्याची नोंद ठेवतो. दोन शब्दांच्या मध्ये फॉन्टचं नाव, भाषेचं नाव, बैठकीचा क्रमांक. अशा फाइलमध्ये काल आणि आज यांत काय बदललं, हे यंत्राला ओळीगणिक सांगता येत नाही. गिट, म्हणजे प्रोग्रॅममधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन, तिला एक बंद डबा समजतं. दोघांनी एकाच वेळी दोन ठिकाणी बदल केले तर ते आपोआप एकत्र होत नाहीत. उलट साधा मजकूर ग्रेपने शोधता येतो, डिफने ताडून पाहता येतो, आणि पन्नास वर्षांपूर्वीची आस्की या जुन्या अक्षरसंचातली फाइल आजही कुठल्याही एडिटरमध्ये उघडते. आपण ज्याला प्रोग्रॅमिंगची साधनं म्हणतो त्यातलं जवळजवळ प्रत्येक साधन या एका करारावर उभं आहे की मजकूर म्हणजे ओळी आणि ओळी म्हणजे अक्षरं, बाकी काही नाही. हा करार मोडावा असं मला वाटत नाही.

पण त्याला निसर्गनियम समजण्याची आपल्याला सवय लागली आहे, आणि तिथे मला अडखळायला होतं.

अल्गोल ६० ही भाषा जाहीर झाली तेव्हा तिच्या अहवालात बिगिन, एंड, इफ हे शब्द ठळक ठशात छापलेले होते, आणि ती शोभा नव्हती: ठळक इफ हे भाषेचं एक अखंड चिन्ह होतं, साध्या ठशातली तीच अक्षरं म्हणजे तुमच्या एखाद्या चलाचं नाव. यंत्रांना ठळक कळत नव्हतं, म्हणून छिद्रपट्ट्यांवर ते शब्द अनेक ठिकाणी अवतरणचिन्हांत घालून दिले जात. म्हणजे अडचण यंत्राची होती, कल्पनेची नव्हती. पुढे झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत प्रोग्रॅम लिहिण्या-चालवण्याचं सीडर नावाचं वातावरण झालं, त्यात टिओगा नावाचा एकच एडिटर कागदपत्रांसाठीही आणि प्रोग्रॅमसाठीही. टिपा तिरप्या अक्षरांत, प्रोसीजरची नावं ठळक, आणि कंपायलर त्या सजावटीकडे दुर्लक्ष करून आपलं काम करायचा. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात झुरिकच्या ईटीएच या विद्यापीठात निकलाउस वर्थ आणि युर्ग गुटक्नेख्ट यांनी ओबेरॉन ही प्रणाली रचली, तिच्यातही मजकुराच्या प्रत्येक अक्षराला फॉन्ट आणि रंग असू शकतो. तुम्ही प्रोग्रॅमची एखादी ओळ लाल करा, टीप मोठ्या अक्षरांत लिहा, कंपायलर फक्त अक्षरं वाचतो आणि पुढे जातो. मॅडम त्या यंत्रासमोर बसल्या असत्या तर त्यांचा पिवळा रंग जागच्या जागी राहिला असता.

संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांनी दुसऱ्या बाजूने हाच प्रश्न सोडवला. १९८४ मध्ये त्यांनी वेब नावाची पद्धत मांडली: एकाच फाइलमध्ये निबंधही आणि प्रोग्रॅमही. टँगल नावाचं साधन त्यातून यंत्रासाठी पास्कल काढतं, वीव्ह त्यातून माणसासाठी छापण्याजोगं पान काढतं. टेक या त्यांच्या टंकरचनेच्या प्रणालीचा प्रोग्रॅमही याच पद्धतीने लिहिलेला आहे. मॅथेमॅटिका या गणिती प्रणालीच्या नोटबुकांपासून, १९८८ पासून, आजच्या ज्युपिटरपर्यंत तोच धागा येतो: टिपण आणि चालणारा प्रोग्रॅम एकाच पानावर. ज्युपिटरची नोटबुकं मी रोज वापरते आणि गिटमध्ये टाकताना रोज वैतागते, कारण आत पुन्हा तेच: जेसन नावाच्या साच्याच्या पेटीत कोंबलेला मजकूर आणि ओळीगणिक न कळणारे बदल. भांडण जुनंच आहे, पेटी नवी.

एक गोष्ट मात्र आम्ही प्रोग्रॅमर सहसा बोलत नाही. वर्ड प्रोसेसर आमच्याही टेबलावर असतो. कुणीतरी ग्राहक क्रमांकांची लांबलचक उभी यादी पाठवतं आणि एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतल्या प्रश्नात ती आडवी, प्रत्येक क्रमांक अवतरणात आणि मध्ये स्वल्पविराम अशी हवी असते. वर्ड उघडायचं, यादी चिकटवायची, 'शोधा' मध्ये कॅरेट आणि पी, म्हणजे परिच्छेदाचा शेवट, आणि 'बदला' मध्ये अवतरण, स्वल्पविराम, अवतरण. एका फटक्यात काम. ऑल्ट दाबून माउस ओढला की ओळींऐवजी उभा पट्टा निवडता येतो. डावीकडचे तारीख-वेळेचे स्तंभ असे कापून काढणारे कितीतरी जण मी पाहिलेत. फक्त अवतरणं सरळ राहतील याची आधी सोय करावी लागते, नाहीतर डेटाबेस तीच तक्रार करतो. आणि कुणाचा जुना, अवाढव्य प्रोग्रॅम समजून घ्यायचा असेल तेव्हा मी स्वतः तो वर्ड प्रोसेसरमध्ये नेते. पान आडवं करते, उजवीकडे भरपूर समास सोडते, प्रत्येक फंक्शनच्या नावाला शीर्षकाची स्टाइल देते. बाजूला सगळ्या फंक्शनांची अनुक्रमणिका आपोआप उभी राहते. मग एकेका चलाला एकेक रंग. कुठल्या पानावर कुठला रंग दाटलाय ते पाहिलं की गुंता कुठे आहे हे कोड न वाचताही कळायला लागतं. एडिटरही रंग देतात, पण ते व्याकरणाचे रंग: शब्द निळे, टिपा हिरव्या. मला जे कळलं त्याचा रंग एडिटर देऊ शकत नाही.

उलट दिशेनेही लोक ही सीमा ओलांडत आलेत. मल्टिक्स या प्रणालीसाठी १९७८ मध्ये बर्नार्ड ग्रीनबर्ग यांनी लिस्प या भाषेत इमॅक्स हा एडिटर लिहिला. मूळ इमॅक्सचे एक कर्ते रिचर्ड स्टॉलमन यांनी एका व्याख्यानात सांगितलंय की ग्रीनबर्ग यांच्या कार्यालयातल्या सेक्रेटरीही त्यात स्वतःच्या नव्या आज्ञा लिहायला शिकल्या. त्यांना दिलेल्या पुस्तिकेत एडिटर कसा वाढवायचा हे होतं, पण याला प्रोग्रॅमिंग म्हणतात हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि म्हणून त्या बिचकल्या नाहीत. मला ही हकीकत फार जवळची वाटते. मेलमर्जमध्ये, म्हणजे एकच पत्र अनेक नावांनी काढण्याच्या वर्ड प्रोसेसरच्या सोयीत, 'थकबाकी शून्याहून जास्त असेल तर हा परिच्छेद, नसेल तर तो' असं फील्ड लिहिणारा कारकून अट लिहीत असतो, शेकडो नावांवरून ती फिरवत असतो. त्याला कुणी प्रोग्रॅमर म्हणत नाही. मॅडमना 'हे इथे लिहायचं नसतं' असं सांगणं सोपं होतं, आणि ते ऐकून त्या थांबल्या असत्या तर नुकसान आमचं होतं, कारण त्यांच्या डोक्यातलं संख्याशास्त्र आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात नाही.

म्हणून मी त्यांच्यासाठी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. त्यांनी फक्त एवढं करायचं की प्रोग्रॅमच्या ओळींना 'कोड' नावाची स्टाइल द्यायची. त्या स्टाइलमध्ये फॉन्ट सगळ्या अक्षरांना सारखी रुंदी देणारा आहे आणि स्पेलचेक बंद आहे, त्यामुळे चलांच्या नावांखाली लाल नागमोडी रेघा येत नाहीत. स्क्रिप्ट डॉकएक्स उघडते, 'कोड' स्टाइलचे परिच्छेद जसेच्या तसे उचलते, समासाचा इंडेंट मोजून तेवढ्या स्पेस घालते, वळणदार अवतरणं सरळ करते, आणि बाकीचा सगळा मजकूर हॅश लावून टिपा म्हणून मध्ये ठेवते. पिवळ्या ओळींच्या वर 'गृहीतक' असा शब्द येतो. खोडलेल्या ओळींवरून आमचा वाद आहे. मी म्हणते, जुनं सगळं गिटच्या इतिहासात असतं. त्या म्हणतात, 'इतिहासात जाऊन कोण बघणार गं? जी पद्धत चालली नाही ती चाललेल्या पद्धतीच्या शेजारी दिसायला हवी.' सध्या खोडलेल्या ओळीही टिपा म्हणून येतात.

हे सगळं करताना एक प्रश्न सतत डोकावत राहिला: अवतरणं सरळ करण्याचं काम माझ्या स्क्रिप्टने का करावं? मायक्रोसॉफ्टच्या पॉवरशेल या भाषेत वळणदार अवतरणं चालतात, लांब रेघही वजाबाकीच्या चिन्हासारखी चालते. राकू या भाषेतही वळणदार अवतरणांत मजकूर देता येतो. म्हणजे भाषा रचणाऱ्याने ठरवलं तर हे जमतं. याचा जाच नाही असं नाही. पॉवरशेलमध्ये बाहेरून आलेल्या मजकुरातली फक्त सरळ अवतरणं निष्प्रभ करून कुणी निर्धास्त राहिलं, तर वळणदार अवतरणातून घातक आज्ञा आत शिरू शकते, आणि अशी भोकं बुजवायला प्रत्येक रूप लक्षात ठेवावं लागतं. एका चिन्हाची चार रूपं मान्य केली की चारही ठिकाणी पहारा आला. तरीही मी पॉवरशेलच्याच बाजूने आहे. पायथन यू+२०१सी हा क्रमांक छापतं तेव्हा त्याला ते चिन्ह नेमकं ओळखता आलेलं असतं. त्याच संदेशात 'इथे सरळ अवतरणचिन्ह हवं' एवढी एक ओळ वाढली असती, तरी मॅडमना निदान ही पहिली अडचण स्वतःच सोडवता आली असती.